नकलेखालची सही

कारखान्यातली जुनी ड्रॉइंग्ज एका स्वरूपातून दुसऱ्यात न्यायची वेळ येते, ती बहुतेकदा त्यांत काही चूक निघाली म्हणून येत नाही. ग्राहक नवं सॉफ्टवेअर घेतो आणि त्याच्या खरेदी विभागाचं पत्र येतं, की अमुक तारखेनंतर ड्रॉइंग्ज अमुक स्वरूपातच स्वीकारली जातील. पत्र दोन ओळींचं असतं. पुरवठादाराकडे मात्र त्या दोन ओळींमागे कित्येक वर्षांचं काम साठलेलं असतं: फिक्स्चर, गेज, गिअरबॉक्सची कास्टिंग्ज, पत्र्याचे पार्ट, काही एका आवृत्तीत काढलेले, काही दुसरीत, आणि काढणाऱ्यांपैकी निम्मी माणसं निवृत्त झालेली. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या ड्रॉइंग ऑफिसांत माझी नोकरी झाली, आणि असे गठ्ठे कन्व्हर्ट करण्याचं काम माझ्या वाट्याला वारंवार आलं.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम वाटतच नाही. फोल्डर दाखवायचं, हवं ते स्वरूप निवडायचं, बॅच लावायची आणि घरी जायचं. सकाळी पडद्यावर यादी तयार असते आणि प्रत्येक फाइलपुढे काम पूर्ण झाल्याची खूण असते. त्या खुणेचा अर्थ इतकाच, की फाइल उघडली, वाचता आली आणि नव्या नावाने लिहिली गेली. ड्रॉइंग काढणाऱ्याला जे सांगायचं होतं ते पलीकडे पोचलं की नाही, हे त्या यादीला कळण्याची काही सोय नाही. ते माणसालाच पाहावं लागतं. आणि कोणी पाहिलं, याची नोंद आपण हल्ली कुठेच ठेवत नाही, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

ही ड्रॉइंग्ज ज्यात काढलेली असतात ते सॉफ्टवेअर बहुतेकदा ऑटोकॅड. ते १९८२ साली आलं. त्याचं स्वतःचं काम साठवण्याचं स्वरूप डीडब्ल्यूजी. त्याची आतली रचना ऑटोकॅडच्या कंपनीने कधी प्रसिद्ध केली नाही. देवाणघेवाणीसाठी तिने डीएक्सएफ दिलं, तेही पहिल्या आवृत्तीबरोबरच. डीएक्सएफ साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं. शून्य या आकड्याखाली सर्कल असं लिहिलेलं सापडतं, आठखाली लेअरचं नाव, दहा आणि वीसखाली केंद्राचे एक्स-वाय, चाळीसखाली त्रिज्या. ऑफिसात नवीन आलेल्या मुलामुलींना मी असं एक वर्तुळ ओळीवर बोट ठेवून वाचायला लावतो. पडद्यावरच्या चित्रामागे काय लिहिलं जातं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की काय लिहिलं जात नाही हा प्रश्नही मनात येऊ लागतो.

डीडब्ल्यूजी असं वाचता येत नाही, पण त्याची पहिली सहा अक्षरं येतात. एसी१००९ असेल तर अकरावी किंवा बारावी आवृत्ती, एसी१०१५ म्हणजे २०००, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०३२ म्हणजे २०१८. बॅच लावण्याआधी गठ्ठा या सहा अक्षरांवरून वेगळा करून घ्यावा. कारण कोणत्या काळात ड्रॉइंगला काय सांगता येत होतं, ते ठरलेलं आहे. १९९२च्या बाराव्या आवृत्तीला लंबवर्तुळ आणि स्प्लाइन ठाऊक नव्हते. ते १९९४च्या तेराव्या आवृत्तीत आले. पण शॉपवरची मशीन्स आपल्या सोयीने बदलत नाहीत. कित्येक जुन्या वायर-कट आणि लेझर मशिनना आजही बाराव्या आवृत्तीची डीएक्सएफच द्यावी लागते. नव्या ड्रॉइंगमधली गुळगुळीत स्प्लाइन तिकडे गेली, की तिचे छोटे छोटे सरळ तुकडे होतात. पडद्यावर फरक दिसत नाही. कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं की कळतो.

डीडब्ल्यूजी बंद असल्याचा त्रास एकट्यादुकट्याला नव्हता. १९९८मध्ये अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांनी मिळून ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स स्थापन केली, आणि या फाइलची रचना बाहेरून उलगडून ती वाचण्या-लिहिण्याची साधनं तयार केली. तीच संस्था आज ओपन डिझाइन अलायन्स म्हणून ओळखली जाते. तिचा कन्व्हर्टर फुकट मिळतो. एक फोल्डर द्या, दुसरं फोल्डर द्या, आवृत्ती निवडा, आतले फोल्डरही घ्यायचे का ते सांगा, की तो हजारो फायली नेतो. लहान कारखान्यांवर या लोकांचे मोठे उपकार आहेत. मला जे म्हणायचं आहे ते अशा साधनांच्या विरोधात अजिबात नाही. ती आपलं काम चोख करतात. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलेलं आहे ते ती नेतात. अडचण आहे ती अशा गोष्टींची, ज्या लिहिलेल्या नसून गृहीत धरलेल्या असतात.

यातलं सर्वांत साधं उदाहरण व्यासाच्या खुणेचं. ऑटोकॅडमध्ये ती टाइप करायची तर दोन टक्क्यांची चिन्हं आणि पुढे सी हे अक्षर लिहायचं. पडद्यावर तिथे तिरपी रेघ मारलेला गोल दिसतो. दुसऱ्या प्रोग्रॅमला हा संकेत माहीत नसेल तर ती टक्क्यांची चिन्हं तशीच कागदावर येतात. फॉन्टमध्ये ती खूण नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह किंवा रिकामा चौकोन येतो. मग तो कुणीतरी घाईत पुसून टाकतो आणि पंचवीस व्यासाच्या जागी उरतात नुसते पंचवीस. टूलरूममधून फोन येतो: “साहेब, या ड्रॉइंगवर नुसतं पंचवीस लिहिलंय. भोक आहे, की चौकोनी खाच?” बाजूच्या दृश्यात दोन तुटक रेघाच दिसत असतील तर हा प्रश्न अगदी रास्त आहे. फोन करणारा मिस्त्री जुना आणि जागरूक असला म्हणून तो येतो. न विचारता काम पुढे नेणाराही असतोच.

भौमितिक टॉलरन्सच्या खुणांचं याहून अवघड आहे. ऑटोकॅड त्या एका खास फॉन्टने काढतं, ज्यात प्रत्येक खूण रोमन अक्षराच्या जागी बसवलेली आहे: स्थानाची खूण जे या अक्षरावर, सपाटपणाची सी वर, काटकोनाची बी वर, व्यासाची एन वर. तो फॉन्ट पलीकडच्या संगणकावर नसेल, तर चौकटीत जे, मग एन ०.१, मग ए असं काहीतरी दिसतं. ए हा डेटम, म्हणजे मोजणीचा संदर्भ, खरा असतो, म्हणून वाचणाऱ्याला जे आणि एनसुद्धा डेटमच वाटू शकतात. चौकट जागेवर, रेघा जागेवर, आकडाही बरोबर. आणि भोकाची जागा कशाच्या संदर्भात किती सरकलेली चालेल, हे सांगणारी खूणच गेलेली.

आपल्याकडे यात मराठीची भर पडते. कंट्रोल पॅनल बनवणाऱ्यांच्या ड्रॉइंग्जमध्ये धोक्याच्या पाटीचंही ड्रॉइंग असतं, कवटी आणि हाडं, व्होल्टेज, आणि खाली मजकूर. भारतीय विद्युत नियम १९५६मध्येच तरतूद होती, की ही पाटी हिंदी किंवा इंग्रजीबरोबर त्या जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही असली पाहिजे. जुन्या ड्रॉइंग्जमध्ये हा मराठी मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. फाइलच्या आत असतात ते वेगळेच संकेत. फॉन्ट बसवलेला असेल तरच ते ‘धोका’ म्हणून दिसतात. डीडब्ल्यूजी २००७च्या स्वरूपापासून मजकूर युनिकोडमध्ये साठवू लागलं, पण म्हणून जुने संकेत आपोआप मराठी होत नाहीत. कन्व्हर्ट झालेल्या फाइलमध्ये तिथे निरर्थक रोमन अक्षरं उभी असतात. बॅचच्या लॉगमध्ये याची नोंद येत नाही, कारण लॉगच्या दृष्टीने अक्षरं सुखरूप पोचली. पाटी वाचून जिवाला जपायचं आहे ते पॅनलपुढे उभ्या राहणाऱ्या वायरमनला, आणि त्याच्या भाषेची ओळच तेवढी नाहीशी होते. या एका ओळीसाठी मी पॅनलच्या ड्रॉइंग्जचा गठ्ठा कधीही इतरांबरोबर लावू देत नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. ऑटोकॅडमध्ये रेघेची जाडी रंगावरून ठरवण्याची पद्धत पेन प्लॉटरच्या काळापासूनची आहे. लाल म्हणजे अमुक पेन, पिवळा म्हणजे तमुक. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाताना रंग जवळच्या रंगावर गेला, की प्रिंटमध्ये बाह्यरेषा आणि सेंटरलाइन सारख्याच जाड येतात. हे प्रिंट हातात घेतल्यावर लगेच दिसतं, म्हणून ते फारसं धोक्याचं नाही.

खरा पेच आहे तो मापांचा, आणि त्यावर थांबायला हवं.

जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकजवळ, म्हणजे नाव-क्रमांकाच्या चौकटीजवळ, एक सूचना असते: ड्रॉइंगवरून माप मोजू नये. कागदाच्या काळात ती पूर्ण योग्य होती. कागद दमट हवेत फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, अमोनिया प्रिंट काढताना थोडा ताणलाही जातो. म्हणून लिहिलेल्या आकड्याचा शब्द अखेरचा, रेघ फक्त आकार समजण्यापुरती. या शिस्तीत वाढलेली माणसं पुढे ड्रॉइंग बोर्ड सोडून संगणकापुढे बसली. समजा एका प्लेटची लांबी ९८ची १०० झाली आणि प्रिंट संध्याकाळच्या गाडीने जायची आहे. तर त्यांनी रेघ हलवली नाही. डायमेन्शनवर जाऊन मोजलेला आकडा काढला आणि हाताने १०० टाइप केले. त्यांच्या लेखी यात काहीच गैर नव्हतं. आकडा मापात नसेल तर त्याच्याखाली रेघ ओढायची, हा जुना संकेतही ते पाळत. वाचणाऱ्याला ते कळत होतं, आणि वाचणारा माणूसच होता.

हेच ड्रॉइंग आता पलीकडे जातं. काही कन्व्हर्टर डायमेन्शनचा मजकूर जसाच्या तसा नेतात. काही प्रोग्रॅम डायमेन्शन नव्याने बांधतात, म्हणजे रेघ पुन्हा मोजतात, आणि तिथे ९८ उमटतं. आणि फाइल थेट लेझरच्या प्रोग्रॅमरकडे गेली तर तो डायमेन्शनचा लेअरच बंद करतो, कारण मशीनला आकड्यांशी काही कर्तव्य नाही. ते रेघेवरून चालतं. एकाच क्रमांकाचं, एकाच रिव्हिजनचं ड्रॉइंग. कागदावर वाचून काम केलं तर प्लेट १००ची होते आणि फाइलवरून कापली तर ९८ची. असं झालेलं मी पाहिलं आहे. एका ग्राहकाने सगळी जुनी ड्रॉइंग्ज बाहेरच्या एजन्सीकडून एकगठ्ठा कन्व्हर्ट करून घेतली आणि त्यातल्या फायली पत्रा कापणाऱ्याकडे थेट गेल्या. प्लेटा तपासणीतून पार झाल्या, कारण तपासणाऱ्यालाही त्याच कन्व्हर्ट झालेल्या फाइलची प्रिंट दिलेली होती. जुळणी करताना भोकं भोकांवर येईनात तेव्हा कुणीतरी कपाटातली पिवळी पडलेली अमोनिया प्रिंट काढली.

इथे दोष कोणाचा, हे शोधायला गेलं तर प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलेलं आढळतं. जुन्या ड्राफ्ट्समनने आकडा बरोबर लिहिला होता. कन्व्हर्टरने रेघ बरोबर मोजली. मशीनने रेघ बरोबर कापली. बदलली होती ती आकडा खरा की रेघ खरी ही समजूत, आणि ती बदलल्याचं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

यावर उपाय आहे, आणि तो कठीणही नाही. डीएक्सएफमध्ये प्रत्येक डायमेन्शनच्या नोंदीत ४२ या आकड्याखाली मोजलेलं माप असतं आणि १ या आकड्याखाली हाताने लिहिलेला मजकूर. छोटी स्क्रिप्ट लिहून अख्ख्या गठ्ठ्यातली अशी सगळी ठिकाणं काढता येतात, जिथे हाताने लिहिलेला आकडा आणि मोजलेलं माप जुळत नाही. ही यादी हातात आली, की आमच्याकडच्या तरुणांना पहिली ऊर्मी येते ती सगळं एकदम दुरुस्त करण्याची: सगळीकडे आकडा घ्या, किंवा सगळीकडे रेघ घ्या. मी ते करू देत नाही. काही ठिकाणी लिहिलेला आकडा नंतरचा, सुधारलेला असतो. काही ठिकाणी लांब शाफ्ट कागदावर मावावा म्हणून मुद्दाम तोडून आखूड काढलेला असतो. तिथे रेघ खोटी असणं हेच बरोबर असतं. आणि काही ठिकाणी आकडा टाइप करणाऱ्याची चूकही असते. हे तिन्ही प्रकार स्क्रिप्टला सारखेच दिसतात. ज्याने तो पार्ट हातात घेतला आहे, जो तो कुठे बसतो हे जाणतो, त्यालाच ते वेगळे दिसतात. म्हणून यादी घेऊन टूलरूममध्ये जायचं, गेज किंवा जुना पार्ट समोर ठेवायचा, आणि एकेक ओळ निकालात काढायची.

एककांचंही असंच. ऑटोकॅड २०००च्या आधीच्या फाइलमध्ये रेघ शंभर एकक लांब आहे एवढंच लिहिलेलं असे; ते एकक मिलिमीटर की इंच, हे काढणाऱ्याला ठाऊक. अमेरिकी ग्राहकाचं जुनं ड्रॉइंग आपल्या ड्रॉइंग्जच्या गठ्ठ्यात मिसळलेलं असलं, की ते २५.४ पटीने लहान होऊन येतं. आकार इतका विजोड असतो, की ते सहसा लक्षात येतं. पण त्याच ड्रॉइंगमध्ये आणखी एक गोष्ट असते. पार्टची दृश्यं कागदावर मांडण्याची अमेरिकेत थर्ड अँगल प्रोजेक्शनची पद्धत, आपल्याकडे फर्स्ट अँगलची. कोणती पद्धत वापरली आहे ते टायटल ब्लॉकमधल्या छाटलेल्या शंकूच्या छोट्या खुणेवरून कळतं. बॅच लावताना जुना टायटल ब्लॉक काढून सगळीकडे कंपनीचा नवा बसवणं ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. नव्या ब्लॉकमध्ये फर्स्ट अँगलची खूण आधीच छापलेली असते. दृश्यं थर्ड अँगलची आणि खूण फर्स्ट अँगलची, असं ड्रॉइंग तयार होतं, आणि ज्याला डावा-उजवा असा भेद आहे तो ब्रॅकेट उलट हाताचा बनतो. एकही रेघ बिघडलेली नसते.

मोठ्या उद्योगांनाही यातून सुटका नव्हती. एअरबसच्या ए३८० विमानाची गोष्ट कॅडच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. हँबुर्गच्या कारखान्यातले डिझायनर कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होते, तुलूझचे पाचवीवर. नाव एक असलं तरी पाचवी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. हँबुर्गहून आलेले वायरचे हार्नेस तुलूझला बसवायला घेतले तेव्हा ते जागेवर पुरेनात. उशीर एकामागून एक जाहीर होत गेला. ऑक्टोबर २००६मध्ये मूळ कंपनीने सांगितलं, की २०१० पर्यंतच्या नफ्यात यामुळे ४.८ अब्ज युरोची घट होईल. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते १५ ऑक्टोबर २००७ला. सगळा दोष सॉफ्टवेअरवर टाकणं बरोबर होणार नाही. दोन देशांतल्या दोन कारखान्यांनी एक आवृत्ती वापरायची हा निर्णय वेळेत झाला नाही, आणि तो माणसांनी घ्यायचा होता. त्याच्या आधीच, १९९९ साली, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीसाठी झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता, की केवळ तिथल्या मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीत अशा न जुळणाऱ्या फायलींपायी वर्षाला किमान एक अब्ज डॉलर वाया जातात. त्यातला मोठा भाग बिघडलेल्या फायली दुरुस्त करण्यात किंवा पुन्हा काढण्यात जात होता.

तटस्थ स्वरूपाचे प्रयत्नही जुने आहेत. आयजीईएसची पहिली आवृत्ती १९८०ची. त्याची फाइल उघडून पाहिली तर प्रत्येक ओळ बरोबर ऐंशी अक्षरांची असते, कारण ते पंच कार्डाच्या काळातलं अपत्य. ७३व्या जागी एक अक्षर, ओळ कोणत्या विभागातली ते सांगणारं. आयजीईएसने पृष्ठभाग नेले, पण दोन पृष्ठभागांच्या कडा एकमेकींना लागतात की नाही याबद्दल प्रत्येक प्रोग्रॅमची सहनशीलता निराळी. एकाला जी फट शून्य वाटते ती दुसऱ्याला फट दिसते, आणि भरीव पार्ट पलीकडे पोकळ कवचांचा ढीग होऊन पोचतो. मग १९९४मध्ये स्टेप आलं, आयएसओ १०३०३. भरीव आकार नेण्यात ते फार पुढे गेलं, आणि २०१४च्या एपी२४२मध्ये टॉलरन्सही अर्थासकट नेण्याची सोय झाली.

स्टेपच्या जगातली एक पद्धत मला मनापासून आवडते. विमान उद्योगातल्या कंपन्यांपुढे प्रश्न होता, की विमान कित्येक दशकं उडतं आणि सॉफ्टवेअर त्याच्या आधी मरतं. मग त्याचे त्रिमितीय आराखडे जपायचे कसे. त्यासाठी लोटार नावाचा उपक्रम सुरू झाला आणि त्यातून दीर्घकाळ जतनाची मानकं निघाली. त्यात असं सुचवलं आहे, की मूळ प्रोग्रॅममध्येच पार्टचं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य मोजून ते आकडे फाइलबरोबर पाठवावेत. ज्याला फाइल मिळेल त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये तेच पुन्हा मोजावं आणि ताडून पाहावं. पाठवणाऱ्याने नुसती वस्तू पाठवायची नाही. ती नीट पोचली हे ओळखण्याची खूणही सोबत द्यायची. दुसऱ्या टोकाला कोणीतरी तपासणार आहे, हे यात धरूनच चाललं आहे.

द्विमितीय ड्रॉइंग्जना अशी तयार सोय नाही, म्हणून ती आपण करावी लागते. आम्ही बॅच लावतो ती नेहमी प्रतीवर. मूळ फायली केवळ वाचण्यासाठी म्हणून बंद केलेल्या असतात आणि काम संपल्यावरही पुसल्या जात नाहीत. एक्सरेफ म्हणजे बाहेरून जोडलेली ड्रॉइंग्ज आधी गोळा करायची, नाहीतर पलीकडे असेंब्लीच्या जागी फक्त फाइलचा पत्ता लिहिलेला दिसतो. लागतील ते सगळे फॉन्ट शोधून ठेवायचे. पहिली बॅच छोटी लावायची, पण निवडून: प्रत्येक काळातलं एक, प्रत्येक ग्राहकाचं एक, आणि शक्य असेल तर प्रत्येक ड्राफ्ट्समनच्या हातचं एक. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण सवयी माणसागणिक वेगळ्या असतात. एक जण सेंटरलाइन नेहमी वेगळ्या लेअरवर ठेवतो, दुसरा सगळं शून्य लेअरवर काढतो, तिसरा हॅच फोडून सुट्या रेघा करतो. फाइल उघडली की जुन्या सहकाऱ्यांचे हात मला ओळखू येतात, आणि कोणाच्या ड्रॉइंगमध्ये काय निसटेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मग आधीच्या आणि नंतरच्या फाइलमधल्या रेघा, वर्तुळं, मजकूर, डायमेन्शन यांची मोजदाद ताडायची. दोन्हींचे पीडीएफ काढून एक लाल आणि एक निळा असे एकमेकांवर ठेवून पाहायचे. ज्या फायली अडखळतात त्या बाजूला ठेवून एकेक करून हाताने सोडवायच्या. यात वेळ जातो. व्यवस्थापनाला तो वेळ आधीच सांगून ठेवावा लागतो, कारण त्यांना एका रात्रीचं काम म्हणून विकलं गेलेलं असतं.

आता सहीबद्दल. ट्रेसिंगच्या काळातल्या टायटल ब्लॉकमध्ये चार रकाने असत: ड्रॉइंग कोणी काढलं, ट्रेस कोणी केलं, तपासलं कोणी आणि मंजूर कोणी केलं. ट्रेसरने स्वतः काही ठरवलेलं नसे. पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर अंथरून शाईने रेघा उतरवायच्या, इतकंच त्याचं काम. तरी त्याची आद्याक्षरं आणि तारीख तिथे लागत असे, आणि तपासणारा ट्रेसिंग वेगळं तपासत असे, कारण उतरवताना चूक होऊ शकते हे सर्वांना मान्य होतं. आपल्याकडे पोथ्यांची नक्कल करणारे लेखकही शेवटी आपलं नाव, गाव आणि तिथी लिहीत. मजकूर त्यांचा नसे, पण नक्कल त्यांची असे, आणि तिची जबाबदारी ते घेत. कॅड आल्यावर ट्रेसरचा रकाना गेला. उतरवणंच उरलं नाही, अशी समजूत झाली. प्रत्यक्षात उतरवणं थांबलं नाही. ते हजारोंच्या संख्येने, रात्री, कोणी समोर नसताना होऊ लागलं, आणि त्याखाली कोणाचंच नाव राहिलं नाही.

आमच्या ऑफिसात आम्ही तो रकाना परत आणला. कोणत्या आवृत्तीतून कोणत्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला, कोणी तपासलं आणि काय तपासलं, एवढी एक ओळ. सुरुवातीला एका मुलीने विचारलं, “सर, बदल तर प्रोग्रॅमने केला. माझं नाव कशाला?” प्रश्न मनापासून विचारला होता, म्हणून मीही सरळ उत्तर दिलं, की शॉपवर ज्याच्या हातात हे ड्रॉइंग जाईल त्याला शंका आली, तर त्याने विचारायचं कोणाला? ती काही बोलली नाही, पण तिने तपासायला घेतलेला गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उघडला.

ग्राहकाच्या बाजूने हरकत आली ती वेगळी. कन्व्हर्ट केलं म्हणून रिव्हिजनचं अक्षर वाढवायचं का? वाढवलं, तर पार्टची सगळी मंजुरी पुन्हा घ्यावी लागते, आणि पार्टमध्ये तर काहीच बदललेलं नसतं. वाढवलं नाही, तर एकाच क्रमांकाच्या, एकाच रिव्हिजनच्या दोन फायली जगात राहतात आणि त्या तंतोतंत सारख्या आहेत असं कोणी म्हणू शकत नाही. यावर बरीच चर्चा झाली. शेवटी रिव्हिजन तेच ठेवायचं आणि कन्व्हर्जनची ओळ लिहायची, असं ठरलं. त्यांच्या टेम्प्लेटमध्ये तिला जागा नाही आणि टेम्प्लेट बदलायला ते तयार नाहीत. म्हणून ती ओळ आम्ही बॉर्डरच्या आत, नोट्सच्या शेवटी लिहितो, इतर नोट्सइतक्याच उंचीच्या अक्षरांत, म्हणजे ए-फोरवर लहान करून प्रिंट काढली तरी वाचता येते.